भाग ३१ : चावतो, पण लागत नाही! एका गळाची लांबलचक गोष्ट

ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं, ज्यांचे हेडफोन हरवलेत किंवा ज्यांना माझा आवाज सहन होत नाही, त्या सगळ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढलेत.

आज इतिहासच आहे, पण राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज आहे गळ. मासे पकडायचा गळ. आमच्या कोकणात त्याला गरी म्हणतात आणि गरी टाकून बसण्याला गरवणं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

अठरा टक्क्यांची सकाळ

तुम्हाला माहितीये, मी सध्या न्यू जर्सीत नोकरीला आहे. इथे अटलांटिकच्या किनाऱ्यावर शरद ऋतूत एक वेड पसरतं, ते म्हणजे स्ट्राइप्ड बास. लोक त्याला लाडाने स्ट्रायपर म्हणतात. चंदेरी अंग, त्यावर काळ्या आडव्या रेघा, भलंमोठं तोंड. आपल्या रायगडच्या जिताड्याची आठवण यावी असा मासा. दोघंही खारं आणि गोडं, दोन्ही पाणी वापरतात. फरक एवढाच की जिताडा अंडी घालायला समुद्राकडे सरकतो आणि हा नद्यांत वर चढतो.

तर नोव्हेंबरमधली एक पहाट, आयलंड बीच स्टेट पार्कचा किनारा. हातात दहा फुटी रॉड, पायात छातीपर्यंत येणारे रबरी वेडर्स, समोर फुटणाऱ्या लाटा. याला सर्फ फिशिंग म्हणतात. होडी नाही, काही नाही. लाटेत उभं राहायचं आणि फेकायचं.

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे फोनमध्ये नोंद ठेवतो. त्या सकाळची नोंद अशी: चावे ११, लागलेले मासे २. म्हणजे साधारण अठरा टक्के. आमच्या एखाद्या एपीआयचा सक्सेस रेट अठरा टक्के असता ना, तर मॅनेजरने मला मध्यरात्री झोपेतून उठवलं असतं.

दोरीवर "टक्" असं जाणवायचं, मी जीव खाऊन रॉड मागे खेचायचो, आणि पुढे काहीच नाही. रिकामा समुद्र.

शेजारी सत्तरीचे एक आजोबा उभे होते. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले, माझी दोरी हातात घेतली आणि म्हणाले, "पोरा, दोन गोष्टी. तुझी पिसं गळापेक्षा फार लांब आहेत. आणि तू फार लवकर खेचतोस."

दुसरं वाक्य मी आधी ऐकलं होतं. देवगडच्या खडकावर, सातवीत असताना, मामाकडून. "ओढू नको रे. माशाक ओढूक दी."

दोन माणसं, दोन समुद्र, आणि सल्ला तोच. मग मी घरी येऊन वाचायला बसलो.

टीझर म्हणजे काय भानगड?

आधी जुळणी समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

दोरीच्या टोकाला असतो प्लग. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाच-सहा इंची खोटा मासा, वजनदार. त्याच्या साधारण दोन फूट आधी, म्हणजे तुमच्या बाजूला, दोरीला एक छोटीशी फांदी फुटते. त्या फांदीवर एक हलका गळ, त्याला पिसं किंवा हरणाच्या शेपटीचे केस बांधलेले. हा टीझर. पाण्यात दिसायला कसं, तर छोटा मासा पुढे पळतोय आणि मोठा मागे लागलाय.

हे कशासाठी? शरद ऋतूत स्ट्रायपर बऱ्याचदा सँड ईलसारख्या बारीक मासळीवर तुटून पडलेला असतो. पेन्सिलीसारखी ही मासळी. तिच्या नादात असला की मोठ्या खोट्या माशाकडे तो ढुंकूनही बघत नाही. आता पेन्सिलीएवढं पीस तुम्ही वाऱ्याविरुद्ध दीडशे फूट फेकून दाखवा! जातच नाही. म्हणून प्लगचं वजन वापरायचं. प्लग म्हणजे ट्रक, टीझर म्हणजे माल. मासा बरेचदा मालावरच येतो.

आणि माझे अकरापैकी बहुतेक चावे टीझरवरच होते. मग लागत का नव्हते?

आधी आडवी काडी, मग वाकडा काटा

माणसाचा हा बग फार जुना आहे. मासा तोंड लावतो, पण अडकत नाही.

पहिला जुगाड होता सरळ काडी. हाडाचा किंवा दगडाचा छोटा तुकडा, दोन्ही टोकं अणकुचीदार, मधोमध दोरी. आमिषात लपवायचा. माशाने अख्खा गिळला की दोरी ताणायची, काडी घशात आडवी होते. इथे टोचणं नाहीच, नुसतं अडकणं. म्हणजे माशाने पूर्ण गिळेपर्यंत थांबावंच लागायचं.

मग कोणीतरी तो वाकवला. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाच्या गुहेत समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचे गळ सापडलेत, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांचा फोटो शोधून नक्की बघा. आजच्या गळासारखा जे अक्षराचा आकार नाही. गोल वळण आहे, चंद्रकोरीसारखं. हे गोल वळण लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावरही होतं, त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. साधारण ११३० च्या आसपासचा. आपण जेवणाच्या भागात त्याचा उल्लेख केला होता, आठवतंय? त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असं प्रकरणच आहे. माशांच्या जाती, आणि कोणत्या माशाला कोणतं खाणं दाखवायचं, अशी चर्चा. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये कोणीतरी म्हणत होतं की आधी मासा काय खातो ते बघा. टीझरचा पाया तोच आहे की!

इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाने मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. जुलियाना बर्नर्स नावाच्या एका बाईंना त्याचं श्रेय देतात. त्यात गळ विकत घ्या असं नाही, गळ बनवा असं आहे. शिवणकामाची सुई घ्या, लाल होईपर्यंत तापवा, काटा काढा, वाकवा, परत तापवून पाण्यात विझवा. म्हणूनच पुढे इंग्लंडमधलं रेडिच हे सुयांचं गाव गळांचंही गाव झालं. सुईवाल्यांना टोक काढता यायचं, आणि टोक आलं की अर्धं काम झालं. नॉर्वेतली मुस्टाड ही गळांची प्रसिद्ध कंपनी १८३२ ची.

याच इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांवर लोक एका दोरीवर दोन-तीन पिसांचे गळ लावायचे. टोकाला एक आणि वर बाजूला लोंबणारे बाकीचे. त्या लोंबणाऱ्याला म्हणायचे ड्रॉपर. आजच्या टीझरची फांदी म्हणजे तोच ड्रॉपर. नदीतून समुद्रावर आला आणि नाव बदललं.

शाळा चालवणारा मासा

अमेरिकेत स्ट्रायपरची गोष्ट वसाहतीच्या पहिल्या पिढीपासून सुरू होते. मासे इतके होते की लोक शेतात खत म्हणून टाकायचे. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कायदा केला की कॉड आणि बास खत म्हणून वापरायचे नाहीत. या खंडावरच्या मासे वाचवण्याच्या सगळ्यात जुन्या कायद्यांपैकी हा एक. १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या मासेमारीचं उत्पन्न एका मोफत शाळेसाठी लावलं. म्हणजे माशाने पोरांच्या शाळेचा खर्च दिला!

दोनशे वर्षांनी हाच मासा श्रीमंतांचा खेळ झाला. १८६४ साली न्यूयॉर्कच्या धनाढ्य मंडळींनी मॅसॅच्युसेट्सजवळच्या कटीहंक बेटावर बास क्लब काढला. खडकांवरून समुद्रात लाकडी फळ्यांचे माचे बांधले. साहेब माच्यावर उभे, नोकर पाण्यात आमिष फेकतायत, आणि गळाला काय लावायचे माहितीये? लॉबस्टरच्या शेपट्या. आज रेस्टॉरंटमध्ये ज्याचं बिल बघून आपल्याला घाम फुटतो, ते आमिष होतं.

सामान्य माणूस किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३८ मध्ये ड्युपॉन्टने नायलॉन जाहीर केलं, आणि युद्धानंतर आपण ज्याला तंगूस म्हणतो ती नायलॉनची दोरी सगळीकडे पोचली. जोडीला युरोपातून स्पिनिंग रील आलं, ज्याने नवखाही लांब फेकू शकतो. मग पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी लेफ्टी क्रे या मेरीलँडच्या माणसाने चेसापीक उपसागरातल्या स्ट्रायपरसाठी पिसांचा एक नमुना बांधला, नाव 'लेफ्टीज डिसीव्हर'. इतका गाजला की १९९१ मध्ये अमेरिकेच्या पोस्टाच्या तिकिटावर आला. आज टीझर म्हणून जे बांधतात, त्यातले कित्येक याच नमुन्याची छोटी भावंडं.

लेफ्टी क्रेचा तो नमुना बांधण्यामागे एक साधा त्रास होता. पिसं फेकताना गळाभोवती गुंडाळली जायची. त्याने ती अशी बांधली की गुंडाळणार नाहीत. म्हणजे मोठं नाव झालेली गोष्टही सुरुवातीला एक बग फिक्सच होती.

मग मी काय बदललं?

आजोबांच्या दोन वाक्यांचं कारण मला माशाच्या तोंडात सापडलं. स्ट्रायपर कुत्र्यासारखा चावत नाही. तो जबडा झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट शिकार आत ओढून घेतो, व्हॅक्यूम क्लीनरसारखा. आता चित्र डोळ्यासमोर आणा. माझी पिसं गळाच्या वाकापुढे दोन-अडीच इंच लोंबत होती. पिसं तोंडात जायची, गळ ओठाबाहेर राहायचा. "टक्" जाणवायचं ते पिसांचं. आणि गळ आत गेलाच, तर मी तोंड मिटायच्या आत खेचून बाहेर काढायचो. माझी चपळाईच नडत होती.

तर बदल असे केले:

पिसं कापली. आता ती गळाच्या वाकापुढे जेमतेम अर्धा इंच जातात.

फांदी आखूड केली. आधी आठ इंचांची होती, ती मुख्य दोरीभोवती गुंडाळायची आणि गळ दोरीला चिकटून राहायचा. आता तीन इंच, थोड्या जाड आणि ताठ तंगुसाची, म्हणजे टीझर बाजूला उभा राहतो.

टोक तपासतो. गळ अंगठ्याच्या नखावर अलगद ठेवायचा. घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. वाळूत आणि दगडात एक सकाळ गेली तरी टोक मरतं. रेडिचच्या सुईवाल्यांनी हे मला दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आणि सगळ्यात अवघड बदल म्हणजे खेचणं बंद. "टक्" झालं तरी रील त्याच वेगाने फिरवत राहायचं. वजन जाणवलं, रॉड वाकला, की मग फक्त घट्ट धरून उचलायचं. आजकालची वेणीची दोरी तर अजिबात ताणत नाही, त्यामुळे मनगटाचा हिसका थेट गळापर्यंत पोचतो. तंगुसाच्या काळात दोरीचा ताण आपली घाई थोडी गिळून टाकायचा. आता ती सोय नाही.

डिसेंबर संपेपर्यंत माझा रेट अर्ध्याच्या वर गेला. मामाला व्हॉट्सॲपवर स्प्रेडशीट पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

इथे भाग संपवता आला असता. पण नाही.

सगळ्यात चांगला दिवस

पुढच्या मे महिन्यातला एक शनिवार. चावे ४, लागले ३. पंच्याहत्तर टक्के, माझा विक्रम. त्यातला तिसरा मासा मोठा होता, ३४ इंच. टीझर व्यवस्थित ओठाच्या कोपऱ्यात लागला होता, अगदी पुस्तकात दाखवतात तसा.

पण टीझरच्या मागे दोन फुटांवर प्लग होता ना. त्याला तीन-तीन टोकांचे दोन गळ. मासा लाटेत उलटसुलट झाला, प्लग फिरत आला आणि त्यातला एक गळ कल्ल्यात घुसला. रक्त. माझे हात थरथरत होते, पक्कड सापडेना. इथल्या नियमाने २८ ते ३१ इंचांमधलाच मासा ठेवता येतो, म्हणजे हा परत सोडायचाच होता. सोडला. तो पोहला नाही. एका कुशीवर झाला आणि लाटेबरोबर सरकत गेला. सीगल्स आले.

घरी जाऊन नोंद भरली. आकडा चमकत होता, पंच्याहत्तर. आणि मला त्या आकड्याकडे बघवेना. मी मोजत होतो ती गोष्टच अर्धी होती.

आणि मग वाचताना कळलं की ही चूक एका अख्ख्या किनाऱ्याने केली होती.

२१ सप्टेंबर १९८२ ची रात्र, अटलांटिक सिटी, म्हणजे माझ्या जागेपासून फार लांब नाही. वादळात धक्क्यावर उभ्या असलेल्या अल मॅकरेनॉल्ड्सने साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा स्ट्रायपर पकडला. जागतिक विक्रम, जवळजवळ तीस वर्षं टिकला. छान, नाही का? पण त्याच काळात मासा संपत चालला होता. व्यापारी पकड १९७३ मध्ये सुमारे दीड कोटी पौंड होती, ती १९८३ पर्यंत पस्तीस लाखांवर आली. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेला खास स्ट्रायपरसाठी कायदा करावा लागला. १९८५ पासून मेरीलँडने, जिथे या माशाची सगळ्यात मोठी पैदास होते, पकडच बंद केली. पाच वर्षं. त्यानंतर मासा परतला, १९९५ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं.

गोष्ट सुखान्त? थांबा. पुढे हौशी लोकांची संख्या वाढली, आणि आम्ही सगळे स्वतःला शहाणे समजतो, कारण आम्ही मासा परत सोडतो. पण व्यवस्थापनाच्या हिशोबात परत सोडलेल्या शंभर माशांपैकी नऊ मरतात असं धरतात. नऊ कमी वाटतात. पण लाखो लोक लाखो मासे सोडतात. २०१७ च्या हिशोबात माणसाच्या हातून गेलेल्या एकूण स्ट्रायपरपैकी ४८ टक्के हे असे सोडलेले आणि नंतर मेलेले होते. ज्या हौशींनी ठेवले, खाल्ले, त्यांच्यापेक्षाही जास्त! २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी परत सांगितलं की साठा घसरलाय.

गोल गळ परत येतो

आणि इथे ओकिनावाचं ते गोल वळण परत येतं.

साध्या जे-गळाचं टोक दांड्याला समांतर असतं. गिळला गेला तर घशात, पोटात, कुठेही टोचतो. गोल गळाचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं. तो घशात टोचत नाही, घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर वळून तिथेच बसतो. फक्त एक अट. हिसका द्यायचा नाही. माशाने स्वतः ओढलं पाहिजे. माशाक ओढूक दी!

पॅसिफिकच्या बेटांवरच्या लोकांना हे फार आधीपासून माहीत होतं. हाडाचे, शिंपल्याचे त्यांचे कित्येक गळ असेच आत वळलेले. आपल्याला ते संग्रहालयात बघून वाटतं, या गळाने मासा कसा लागणार? लागायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्काच्या बाजूच्या हॅलिबट बोटी जे-गळ सोडून गोल गळाकडे वळल्या. पकड इतकी वाढली की शास्त्रज्ञांना जुने आणि नवे आकडे जुळवायला वेगळा गुणक लावावा लागला. म्हणजे जखम कमी आणि लागण्याचं प्रमाणही जास्त.

२०२१ पासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्रायपरसाठी खरं आमिष लावायचं तर गोल गळ सक्तीचा आहे. टीझर आणि प्लग खोटे, त्यामुळे त्यांना हा नियम नाही. ते ठीकच आहे, कारण खोटं पीस मासा क्षणात थुंकतो, गोल गळाला वळायला वेळच मिळत नाही. पण म्हणून माझी जबाबदारी संपली का?

मी प्लगचे तीन टोकांचे गळ काढले. मागे एकच साधा गळ ठेवला, पुढचा नाहीच. टीझरच्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. पक्कड आता खिशात नसते, गळ्यात लोंबते. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून सोडतो. आणि स्प्रेडशीटमध्ये नवा कॉलम आहे: "पोहत गेला का?"

खरं सांगतो, लागण्याचा रेट थोडा उतरला. काटा सपाट केला की दोरी ढिली पडताक्षणी मासा सुटतो. गेल्या सीझनला एक चांगला मोठा असाच सुटला. शेजारचे आजोबा हसले आणि म्हणाले, "तो तरी पोहत गेला." मी रकाना भरला. हो.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. कटीहंक, लेफ्टी क्रे, ४८ टक्के, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, पण खाल्लंस किती?"

अजून एकही नाही, मामा. ३१ इंचांच्या आतला मिळू दे.

तुमच्याकडे कोणी गरवायला जात असेल, आजोबा, काका, शेजारी, तर त्यांना विचारा, गरी कशी बांधता आणि किती वेळ थांबता? व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोवर, भेटूच.